पुन्हा त्याच शाळेत शिकवायला जाताना

श्रोतेहो, नमस्कार. परदेशात स्वयंसेवक म्हणून शिकवणाऱ्यांना कधी युद्धामुळे, कधी साथीमुळे, दोन दिवसांत गाशा गुंडाळावा लागतो. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या पीस कोअर या परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या सरकारी संस्थेने साठाहून अधिक देशांतले आपले सुमारे सात हजार स्वयंसेवक एकदम माघारी बोलावले. १९६१ मध्ये संस्था स्थापन झाल्यापासून अशी वेळ कधी आली नव्हती. स्वयंसेवकांची पहिली तुकडी पुन्हा गेली ती मार्च २०२२ मध्ये, आफ्रिकेतल्या झांबियाला. परत जायला मिळतं याचा आनंद मोठाच असतो. पण मधल्या काळात मुलं मोठी होतात, वर्ग बदलतात, काही शिक्षकांची बदली होते. त्यामुळे जिथे धडा सुटला तिथूनच पुढे शिकवू, असं म्हणून चालत नाही.

आधी कागदपत्रं. त्या देशात राहण्याच्या परवान्यावर मुदत शिल्लक दिसली, तरी बराच काळ देशाबाहेर राहिल्याने तो रद्द झाला असू शकतो. वकिलातीकडून लेखी खात्री करून घ्या. पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लसीचा दाखला जुलै २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरला जातो, जुन्या दाखल्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही. हिवताप टाळण्याच्या गोळ्यांचं मात्र नव्याने सुरू करावं लागतं. डॉक्सिसायक्लिन असेल तर प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, आणि तो प्रदेश सोडल्यावरही चार आठवडे. अचानक निघालेले लोक नेमके हे शेवटचे चार आठवडे विसरतात आणि घरी पोचल्यावर तापाने पडतात. कोणती गोळी घ्यायची ते अर्थातच डॉक्टरांना विचारून ठरवा.

शाळेत पोचल्यावर पहिला आठवडा मागच्या बाकावर बसा. तुमच्या पश्चात कुणीतरी दोन वर्ग एकत्र करून सांभाळलेले असतात. त्या शिक्षकांना विचारा, ‘कोणते तास मला द्यायला आवडतील?’ जुनं वेळापत्रक परत मागू नका; त्यातून जी कटुता येते ती लवकर जात नाही.

मग मुलांची पातळी तपासा. भारतातल्या ‘प्रथम’ संस्थेने रुजवलेली पद्धत यासाठी उत्तम आहे, आणि झांबियातल्या सरकारी शाळांमध्येही ‘कॅच अप’ या नावाने ती वापरली जाते. एका कागदावर अक्षरं, दुसऱ्यावर सोपे शब्द, तिसऱ्यावर चार वाक्यांचा उतारा, चौथ्यावर छोटी गोष्ट. एकेका मुलाला बाजूला, व्हरांड्यात बोलवा. आधी उतारा वाचायला द्या. जमला तर गोष्ट, अडला तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. एका मुलाला चार-पाच मिनिटं पुरतात, म्हणजे पन्नास मुलांचा वर्ग दोघांनी मिळून तीन दिवसांत आरामात होतो. उतारा पाठ्यपुस्तकातला नको, कारण मुलांना तो तोंडपाठ असतो. मूल धडाधड म्हणत जातं, पण मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं की गप्प होतं. वर्गासमोर तपासणी घेतली तर पुढचं मूल आधीच्याचं ऐकून म्हणतं. आणि वाचन तपासायचं ते मुलं ज्या भाषेत शिकली त्याच भाषेत. झांबियात पहिल्या चार इयत्तांसाठी बेंबा, न्यांजा, टोंगा यांसारख्या सात भाषा ठरवलेल्या होत्या. तिथे थेट इंग्रजीतून तपासलं तर वाचता येणारं मूलही अडाणी ठरतं.

यानंतर इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करा. रोज एक तास, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासून गट बदला.

मुलं विचारतील, ‘तुम्ही पुन्हा जाल का?’ ‘कधीच नाही’ असं वचन देऊ नका. कदाचित जावं लागेल, आणि तेव्हा तुम्हाला कोण शिकवेल हे मी ठरवून ठेवलंय, एवढं सांगा. आणि ते खरोखर ठरवून ठेवा. एका वहीत दर शुक्रवारी लिहायचं: कोणता गट कुठवर आला, कोणतं मूल कशात अडतं, पुढच्या दोन आठवड्यांचे पाठ. वही स्थानिक शिक्षकांना वाचता येईल अशा भाषेत हवी, आणि शाळेच्या कपाटात हवी. खोलीवर ठेवलेली वही निघायच्या घाईत तिथेच कुलूपबंद होते.