पाठीखालचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा होऊन पाऊस परतला, की शनिवारी पहाटे साताऱ्याच्या एसटी स्टँडवर पाठीला सॅक लावलेली पोरं दिसायला लागतात. कुणी वाईच्या गाडीची वाट बघत असतं, कुणी बामणोलीच्या. माझं लक्ष आधी त्यांच्या सॅककडं जातं. तंबू असतो, स्लीपिंग बॅग असते, आणि वरच्या पट्ट्यात घडी करून अडकवलेली निळी ताडपत्री असते, दहा फूट बाय बारा फुटांची. ती बघितली की त्या पोराला थांबवून दोन शब्द बोलावेत असं वाटतं. ते दोन शब्द आज तुमच्याशी बोलतो. डोंगरात रात्र काढताना तंबूखाली काय अंथरावं, एवढाच विषय आहे.

ट्रेकवाले त्याला ग्राउंडशीट म्हणतात. आपल्या गावाकडं प्लास्टिकच्या अशा पट्टीला सरसकट 'कागद'च म्हणतात, म्हणून मीही कागदच म्हणणार आहे.

आधी त्या निळ्या ताडपत्रीचा हिशोब करू. दर चौरस मीटरला १२० ग्रॅमची ताडपत्री धरली, तर दहा बाय बाराची भरते सव्वा किलोच्या वर. आता एका माणसाला झोपायला जागा किती लागते? सात फूट लांब, तीन फूट रुंद. म्हणजे जेमतेम दोन चौरस मीटर. तीच ताडपत्री तेवढी कापली तर वजन येतं २४० ग्रॅमच्या आत. नवीन काही विकत घेतलं नाही, महागडं काही शोधलं नाही, फक्त कात्री चालवली आणि किलोभर ओझं खांद्यावरून उतरलं. हलका कागद कोणता, असं मला विचारतात, तेव्हा मी पहिल्यांदा हेच सांगतो. वजन जातं ते आकारात. कशाचा कागद हा प्रश्न त्यानंतरचा.

आकाराची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती मी भिजून शिकलो. एप्रिलचा महिना होता. वाईच्या पुढं, धोम धरणाच्या कडेनं कमळगडावर निघालो होतो आणि माचीवर तंबू ठोकला. कागद तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठा ठेवला होता. बूट ठेवायला बरं पडेल, असं तेव्हा वाटलं होतं. रात्री वळीव आला. तासभर कोसळला असेल. मध्येच जाग आली ती पाठीला गार लागून. हात खाली घातला तर तळाखाली पाणी डुचमळत होतं, पाण्याच्या पिशवीवर झोपल्यासारखं. सकाळी माचीवरचे एक आजोबा गुरं घेऊन निघाले होते. त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "पावणं, कागूद भाईर कशाला काढलाय? ही तर पन्हळ झाली."

खरंच पन्हळ झाली होती. तंबूच्या वरच्या कापडावरून ओघळलेलं पाणी बाहेर डोकावणाऱ्या कागदावर पडलं आणि सरळ आत, कागद आणि तंबूचा तळ यांच्या मधोमध जाऊन साचलं. कागद नसता तर ते जमिनीत मुरलं असतं. तेव्हापासून माझा कागद तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून दोन-तीन इंच आत असतो. तुमचाही असू द्या. घडी घालून आत दुमडला तर भागतं का, असं विचाराल, तर भागतं, पण दुमड खालच्या बाजूला हवी. वरच्या बाजूला दुमडलात की तीच पुन्हा पाणी धरते.

आता कागद कशाचा, ते बघू. साधं पॉलिथिन घेणार असाल तर एक गणित लक्षात ठेवा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जितके मायक्रॉन जाडी, साधारण तितकेच ग्रॅम दर चौरस मीटरला, थोडेसे कमीच. दुकानदार गेजमध्ये बोलला तर १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन. म्हणजे ५० मायक्रॉनचा एका माणसाचा कागद १०० ग्रॅमच्या आत येतो, १०० मायक्रॉनचा २०० ग्रॅमच्या आत. पॉलिहाउसवर घालतात तो २०० मायक्रॉनचा घेतला तर ४०० ग्रॅमच्या जवळ जाल. शेती साहित्याच्या दुकानात उभं राहून हे तोंडी करता येतं.

महाबळेश्वर-पाचगणीकडं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर जो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर अंथरतात, तो २५-३० मायक्रॉनचा. तो वापरणारेही मी बघितले आहेत. वजन जेमतेम ६० ग्रॅम, खिशात मावतो. पण मला तो डोंगरात नको वाटतो. आपली जमीन बघा ना. कासच्या बाजूला जांभ्याचा खडबडीत सडा, वाईकडं मुरूम आणि कुसळं, जंगलाच्या कडेला तोडलेल्या कारवीचे टोकदार खुंट. एवढा पातळ कागद एका रात्रीत चाळण होतो. चाळण झालेला कागद पोरं तिथंच टाकून येतात. मग त्याच्या चिंध्या झुडपांना अडकतात, चाऱ्याबरोबर गुरांच्या पोटात जातात. दुभती म्हैस प्लास्टिक खाऊन अडते तेव्हा त्या घरावर काय वेळ येते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शंभर-सव्वाशे ग्रॅम वाचवायला हे करू नका. १०० मायक्रॉनचा घ्या, तो दोन हंगाम टिकवा.

टायवेक नावाचा एक पांढरा कागद मिळतो. कोरोनाच्या काळात अंगभर घालायचे पांढरे पोशाख आपण सगळ्यांनी बघितले, त्यातले काही याच कापडाचे होते. ड्यूपॉन्ट कंपनीनं तो १९६७ पासून बाजारात आणला. पॉलिथिनच्याच अतिशय बारीक तंतूंपासून तो बनतो. परदेशात घरांच्या भिंतींना गुंडाळतात तो प्रकार दर चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे आपला तुकडा १२० ग्रॅमचा. हातानं फाडायला गेलात तर फाटत नाही, आणि वजनाच्या मानानं इतकं चिवट दुसरं काही माझ्या हाताखालून गेलेलं नाही. नवा असताना मात्र कुशी बदलली की कडकड वाजतो, शेजारच्याची झोप मोडते. साबण न घालता पाण्यात दोनदा घुसळून धुतला की मऊ पडतो. पांढऱ्या रंगाचा एक फायदा असा, की त्यावर मुंगळा चढला, विंचू चढला तरी बॅटरीच्या उजेडात लगेच दिसतो. मिळाला तर हाच घ्या, असं मी म्हणेन.

जाहिरातींचे फ्लेक्स कुणी अंथरत असेल तर ते चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या घरात भरतात. गाडी अंगणापर्यंत जाणार असेल तर ठीक. पाठीवर नको.

तंबूच्या कापडासारखं, सिलिकॉन लावलेलं नायलॉनही चालतं. हलकं असतं, पण उतारावर माणूस रात्रभर घसरत राहतो. शिवाय पाऊस अडवणारं प्रत्येक कापड जमिनीची ओल अडवतंच असं नाही. पावसाचा थेंब हलका असतो. गुडघा टेकवून उठणाऱ्या माणसाचा सगळा भार दोन वाट्यांएवढ्या जागेवर येतो आणि पाणी कापडातून वर ढकललं जातं. याची परीक्षा घरीच करा. गोणपाट पाण्यात बुडवून फरशीवर टाका. त्यावर तुमचा कागद, त्यावर वर्तमानपत्राचं एक पान, आणि पानावर गुडघे टेकून पाच मिनिटं बसा. मग पान उचलून उजेडात बघा. गुडघ्यांच्या जागी काळपट गोल डाग दिसले तर तो कागद झोपायच्या कामाचा नाही.

थंडीचं काय, हा प्रश्न येतोच. कागद ऊब देत नाही. ती फोमच्या मॅटनं मिळते, किंवा धनगरी घोंगडी असेल तर तिनं. कागदाचं काम ओल अडवायचं आणि तंबूचा तळ खरचटण्यापासून वाचवायचं.

सकाळी कागदाखालचा भाग ओला दिसला तर घाबरू नका. कार्तिकातली जमीन आतून ओलीच असते. तिची वाफ वर येते आणि गार कागदाला खालून चिकटते. तंबू गळला, असं समजून पोरं उगीच दुकानदाराशी भांडतात. मात्र उचलताना कडेखाली बोटं घालू नका. लांबची कड काठीनं उचला. रात्री आडोसा शोधणारा विंचू तिथंच बसलेला असू शकतो.

एक गोष्ट जागेबद्दल. वासोट्याच्या किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळी बोटीनं परत यावंच लागतं. कासच्या पठारावर तंबू ठोकायचा नाही. कोयना-चांदोलीच्या जंगलात वनखात्याला विचारल्याशिवाय थांबायचं नाही. कागद अंथरायचा तो गावकऱ्यांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या जागेवर.

तर या आठवड्यात तंबू घरातच उभा करा, तळ मोजा, तीन-तीन इंच वजा करा आणि कापा. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी फाटतो. खालच्या बाजूला मार्करनं मोठी फुली मारा, म्हणजे चिखलाची बाजू अंधारातही वर येणार नाही. घडी घालताना फुलीची बाजू आत ठेवा, आणि कागद सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवा. मुक्कामाला पोचल्यावर सगळ्यात आधी तोच लागतो.

नमस्कार.