बिंदू घसरले कुठे?

व्याख्यान सुरू होण्याआधी तुमच्यापैकी एकीने लॅपटॉप उघडून मला एक चित्र दाखवलं. कवटीचा त्रिमितीय स्कॅन, त्यावर आकार मोजायला पेरलेले बिंदू, आणि कपाळावरचे निम्मे बिंदू हाड सोडून हवेत तरंगतायत. ‘सर, स्लायडिंग चुकलं का?’ स्लायडिंग म्हणजे हे बिंदू हाडावर सरकवून नेमक्या जागी आणणं. माझा अनुभव असा, की स्लायडिंग बिचारं सांगितल्या दिशेनेच सरकतं. चूक बहुधा त्याच्या आधीच झालेली असते.

दोन हाडांच्या शिवणी मिळतात ती जागा प्रत्येक कवटीवर बोट ठेवून दाखवता येते; तो लँडमार्क. गुळगुळीत कपाळावर अशी जागाच नसते. तिथे आपण अंदाजाने बिंदू पेरतो; ते सेमीलँडमार्क. त्यांच्यातलं अंतर आपल्या मर्जीचं असतं आणि ती मर्जी मोजमापात उतरते. ती काढून टाकायला सेमीलँडमार्क सरकवायचे, ही कल्पना संख्याशास्त्रज्ञ फ्रेड बुकस्टाइन यांची. 2005 साली फिलिप गुन्झ आणि फिलिप मिटरोकर यांच्याबरोबर त्यांनी ती त्रिमितीत पृष्ठभागांसाठी मांडली. वक्ररेषेवरचा बिंदू स्पर्शिकेवर मागेपुढे सरकतो, पृष्ठभागावरचा बिंदू स्पर्शप्रतलात कुठेही. प्रतलाला लंब दिशेने मात्र हलायचं नाही, कारण आकाराची खरी माहिती तिथेच आहे.

आता गोम बघा. स्पर्शिका सरळ असते आणि हाड वाकडं. बिंदू जरा लांब सरकला की हाडावरून सुटलाच. म्हणून सरकवण्याच्या प्रत्येक फेरीनंतर त्याला ओढून परत पृष्ठभागावर बसवावं लागतं. आर भाषेतल्या ‘मॉर्फो’ पॅकेजमधल्या स्लायडर-थ्रीडी या फंक्शनला मेश, म्हणजे छोट्या त्रिकोणांनी विणलेला हाडाचा पृष्ठभाग, दिली तर ते हे काम करतं. ‘जिओमॉर्फ’ या दुसऱ्या पॅकेजच्या जीपीएजेनला मेश दिसतच नाही, त्याच्या हाती फक्त बिंदूंचे निर्देशक, आणि शेजारच्या बिंदूंवरून काढलेलं प्रतल. तेव्हा बिंदू तरंगताना दिसले तर आधी विचारा, त्यांना परत बसवणारं कुणी होतं का? आणि एका फेरीत सरकायचं पाऊल लहान ठेवा.

दुसरी तक्रार नेहमीची: मॅट्रिक्स सिंग्युलर आहे म्हणून प्रोग्राम थांबतो. लोक घाबरून पॅकेज पुन्हा टाकतात. कारण साधं असतं. स्लायडिंग करताना जी कमी करायची ती बेंडिंग एनर्जी, म्हणजे एक आकार वाकवून दुसऱ्यासारखा करायला किती ताण पडतो त्याचं माप. ती काढायला बिंदूंमधल्या अंतरांच्या मॅट्रिक्सचा व्यस्त लागतो. दोन बिंदू एकाच जागी असले की दोन ओळी तंतोतंत सारख्या होतात आणि व्यस्त निघत नाही. वक्ररेषेचं टोक म्हणजेच लँडमार्क, हे विसरून आपण तो बिंदू दोनदा नोंदवलेला असतो.

माझी स्वतःची फजिती याहून वाईट आहे. मुख्य घटकांच्या, म्हणजे कवट्यांमधले सगळ्यात मोठे फरक दाखवणाऱ्या, आलेखात पहिल्याच अक्षावर दोन स्वच्छ गट पडले. मी हरखलो. दोन दिवस त्यांचा जैविक अर्थ लावत बसलो. शेवटी कळलं, की एका गटातल्या कवट्यांवर मी भुवईची कडा डावीकडून उजवीकडे आखली होती आणि दुसऱ्या गटात उजवीकडून डावीकडे. पहिल्या बिंदूसमोर शेवटचा बिंदू उभा होता. फेऱ्या कितीही वाढवा, क्रम उलटा असेल तर काही सुधारत नाही. तेव्हापासून प्रत्येक नमुन्यावर बिंदूंचे क्रमांक छापून डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पातळ हाडांचं दुखणं वेगळं. खांद्याच्या फऱ्याचं पातं घ्या. टेम्प्लेटवरचा, म्हणजे आधी बिंदू पेरून ठेवलेल्या नमुना हाडावरचा, बिंदू जवळच्या पृष्ठभागावर टाका म्हटलं, की तो बिनदिक्कत पलीकडच्या बाजूला जाऊन बसतो. सीटी स्कॅनमध्ये तर कवटीचा आतला थरही मेशमध्ये आलेला असतो. त्यामुळे आतली भिंत आधी काढून टाका, मेशचे नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशा, एकाच बाजूला आहेत ना ते तपासा. मॉर्फोच्या प्लेस-पॅचमध्ये बिंदू आधी बाहेर फुगवून मग हाडावर टेकवण्याची सोय आहे, ती वापरा.

सरकवताना बेंडिंग एनर्जी कमी करायची की प्रोक्रस्टीज अंतर, म्हणजे एकावर एक जुळवून ठेवलेल्या दोन आकारांच्या बिंदूंमधलं अंतर, यावर वाद खूप होतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा बेंडिंग एनर्जी. तिच्यात शेजारी बिंदू एकमेकांशी बांधलेले राहतात; प्रोक्रस्टीज अंतरात प्रत्येकजण आपापला धावतो आणि कधीकधी एक बिंदू दुसऱ्याला ओलांडूनही जातो. दोन्ही उत्तरांत फार तफावत पडली, तर मी पद्धतीच्या वादात न शिरता स्थिर लँडमार्क कमी पडलेत का ते मोजतो.

तर आता ते चित्र. कपाळावर बिंदूंची दाट पेरणी आहे, पण वरच्या बाजूला कडा ठरवणारी एकही वक्ररेषा नाही. सगळे स्थिर लँडमार्क खाली, डोळ्यांच्या खोबणींभोवती. वरच्या बिंदूंना धरून ठेवणारं काहीच नाही, मग ते वाहत गेले यात नवल काय? कपाळाच्या वरच्या शिवणीवर एक वक्ररेषा आखावी लागेल. लॅपटॉप इकडे आणा, पहिली कवटी उघडा, आणि ती कुठून सुरू करायची ते आपण सगळे मिळून ठरवू.