पोलो जीटी टीएसआय: हवा कुठे गळते, धूर कुठे अडतो

समोर बॉनेट उघडून उभी आहे ती पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणच्या प्लांटमधनं निघालेली. 2013 ला आली, 2022 ला भारतात पोलोच बंद झाली, पण पुण्यात अजून जागोजागी दिसते आणि हातात आली की मालकाच्या डोक्यात पहिलं खूळ शिरतं ते इंटेक, म्हणजे हवा आत घेणारा रस्ता, आणि एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर टाकणारा रस्ता, बदलायचं. 1.2 लिटरचं एवढंसं इंजिन, 105 पीएस आणि 175 न्यूटन मीटर, हे सगळं टर्बोच्या जिवावर. धूर बाहेर पडताना टर्बाइन फिरवतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर असतो, तो फिल्टरमधनं हवा ओढतो आणि दाबून इंजिनात कोंबतो. फुल लोडवर हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो.

आता लोक सुरुवात कुठून करतात, तर मागच्या सायलेन्सरपासून, कारण आवाज तिथून येतो. माझं म्हणणं, सुरुवात गळती शोधण्यापासून करा.

हे बघा, गॅरेजमधले दादा काय करतायत. टर्बोच्या तोंडाशी येणारा रबरी पाइप काढला, तिथे एक झाकण बसवलं ज्याला टायरसारखा वॉल्व्ह लावलाय, आणि गॅरेजमधल्या हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा हळूहळू आत सोडली. आता स्प्रेच्या बाटलीतनं साबणाचं पाणी एकेका जोडावर मारायचं. तो बघा, क्लिपच्या खालून फेस फुगतोय! क्लिप घट्ट आहे, पण पाइपाच्या आत तेलाचा थर बसलाय, इंजिनच्या ब्रीदरमधनं, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतनं, आलेला, आणि तेलावर रबर सरकतंच. दादा क्लिप आवळत बसत नाहीत, पाइप काढून आतून डिग्रीझरने पुसतात, मग परत बसवतात. बाजारातला अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घेणार असाल तर टोकाला गोल उंचवटा, म्हणजे बीड, आहे का ते आधी बोट फिरवून बघा, सपाट टोक असेल तर प्रेशर आलं की सिलिकॉनचा होज सुटून येणार.

पोलोत इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारा रेडिएटर, पाण्याने थंड होणारा आणि इंटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपातच, बसवलेला, त्यामुळे प्रेशरचा रस्ता आखूड. ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआयसारख्या गाडीत तो पुढे बंपरमागे असतो, पाइप लांब, जोड जास्त, म्हणून तिथे ही टेस्ट आणखी गरजेची.

फिल्टरचं सांगतो. उघडा कोन फिल्टर दिसायला झकास, टर्बोचा श्वास पण ऐकू येतो, पण बॉनेटखाली उघडा ठेवला की तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो, आणि एप्रिलमध्ये सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिलात की त्या हवेत दम राहत नाही. कंपनीचा डबा बाहेरची थंड हवा आणतो, त्यात फक्त चांगला स्वच्छ फिल्टर घाला, रोजच्या गाडीला एवढं पुरतं. आणि पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी, म्हणजे तेवढाच बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, द्यायला टर्बोला इथे मुळातच जास्त पळावं लागतं, त्यात फिल्टर चोंदलेला असेल तर आणखीच.

एक्झॉस्टकडे येऊ. बॅकप्रेशर, म्हणजे धुराला अडवणारा उलटा दाब, लागतंच असं अजून ऐकायला मिळतं, पण टर्बोच्या गाडीत टर्बाइनमधनं धूर बाहेर पडल्यावर त्याला अडवणारा थोडासाही दाब म्हणजे निव्वळ तोटा. सगळ्यात जास्त फरक पडतो तो डाउनपाइपने, टर्बोला लागून असलेल्या पहिल्या तुकड्याने, कारण तिथे धूर सगळ्यात गरम आणि सगळ्यात फुगलेला असतो. दोन इंचाचा पाइप अडीच इंचाचा केला तर व्यास 25 टक्केच वाढतो पण आतली जागा 56 टक्के वाढते. म्हणून 1.2 च्या इंजिनाला तीन इंच लावायची काही गरज नाही, नुसता स्पीडब्रेकरला घासेल. वाक मँड्रेलवरचा, म्हणजे पाइपाच्या आत आधार घालून वाकवलेला, घ्या, साध्या बेंडरवर कोपऱ्यात पाइप चेपतो आणि कमावलेलं सगळं तिथे जातं. वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गॉन वायू सोडायला सांगा, नाहीतर आतल्या बाजूला जळका खरखरीत थर येतो, तिथूनच पुढे तडा जातो.

पण एवढं करून रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदलणं, नसेल तर ताकदीचा आकडा फार हलत नाही, कारण ईसीयूला किती बूस्ट हवा ते ठरलेलं आहे, बूस्ट तेवढ्यावर आला की तो वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, उघडून देतो. टर्बो थोडा लवकर जागा होतो, हे मात्र जाणवतं. रीमॅप करायचाच तर गिअरबॉक्स लक्षात ठेवा, यातला सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, 250 न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे.

आणि कॅट काढू नका, प्लीज. डाउनपाइप मोठा करताना कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, उडवून सरळ पाइप टाकणारे भरपूर आहेत, मग मागचा ऑक्सिजन सेन्सर बोंबलतो म्हणून तो सॉफ्टवेअरमधनं गप्प करतात. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनचे ऑक्साइड, हे सगळं मग तुमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे पोरं खेळतात. हाय फ्लो कॅट मिळतो, महाग आहे, पण घालायचा तर तोच. कायदाही माहीत असू द्या, मोटार वाहन कायद्याच्या 182अ कलमाखाली परवानगी नसलेल्या दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पावसाळ्याचं वेगळं. थंड हवेसाठी फिल्टर खाली बंपरमध्ये नेलेला असेल तर जूनच्या आधी वर घ्या. साचलेल्या पाण्यात तो बुडाला तर पाणी थेट सिलिंडरमध्ये, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टो करून न्या, प्लग काढून इंजिन हाताने फिरवून घ्या, मगच चावी.