ठाण्याची गाडी हललीच कशी?

(दृश्य: ठाणे स्थानक, फलाटात शिरणारी लोकल)

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली. १४ डबे, सुमारे ३४ किलोमीटर अंतर आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. ठाणेकराला हे पाठच असतं. आज त्याच गाडीला जरा छळू.

इंजिन डब्यांना ओढतं. न्यूटननं १६८७ साली मांडलेला तिसरा नियम सांगतो, की डबेही इंजिनाला मागे ओढतात, अगदी तेवढ्याच जोरानं. मग गाडी हललीच कशी?

वर्गात यावर हमखास उत्तर येतं: इंजिनाचा जोर थोडा जास्त असणार. साफ चूक. गाडी उभी असो, सुटत असो की सुसाट असो, ही दोन बलं कायम सारखीच.

गोम अशी, की एक बल डब्यांवर लागतं, दुसरं इंजिनावर. वेगवेगळ्या वस्तूंवरची बलं एकमेकांना खोडत नाहीत. डब्यांचा हिशेब मांडताना फक्त डब्यांवरची बलं धरायची: पुढे इंजिनाची ओढ, मागे घर्षण. ओढ वरचढ झाली, की डबे निघाले.

आणि इंजिनाला पुढे कोण ढकलतं? रूळ! चाक रुळाला मागे रेटतं, रूळ चाकाला पुढे. हे सगळं घर्षणाच्या जिवावर. म्हणून तर रूळ निसरडे झाले, की चाक जागीच फिरतं, आणि इंजिनातून चाकापुढे वाळू सोडावी लागते.

(दृश्य: मासुंदा तलाव, वल्ह्याची होडी)

रूळ जमिनीला जखडलेला, त्यामुळे तो मागे सरकताना दिसत नाही. ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठी, तलावपाळीला या. वल्हं पाण्याला मागे लोटतं, पाणी वल्ह्याला पुढे. मागे जाणारं पाणी इथे डोळ्यांना दिसतं.

आता होडी थांबू द्या. वजन तिला खाली खेचतंय, पाणी वर उचलतंय. दोन्ही बलं समान, विरुद्ध. पण ही क्रिया-प्रतिक्रियेची, म्हणजे तिसऱ्या नियमातली, जोडी नव्हे! परीक्षेत भलेभले इथेच फसतात. दोन्ही बलं एकाच होडीवर आहेत, म्हणूनच ती एकमेकांना तोलून धरतात.

वजनाची खरी जोडी पार दुसरीकडे आहे. पृथ्वी होडीला खाली ओढते, तर होडी पृथ्वीला वर ओढते, तेवढ्याच बलानं. पण पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं, इतके किलो. तलावपाळीवरच्या एका होडीनं ती काय हलणार!