फिरत नाही तो दांडा

नमस्कार श्रोतेहो.

झुरिक शहरात झील नदीच्या बाजूला एक सात मजली ऑफिस आहे. टामेडिया या वृत्तपत्रं काढणाऱ्या कंपनीचं. २०१३ साली ते बांधून झालं. त्याचा सगळा सांगाडा लाकडी, आणि त्या सांगाड्याच्या सांध्यांत ना खिळा, ना लोखंडी पट्टी, ना बोल्ट.

वास्तुकार आहेत जपानचे शिगेरू बान. २००१च्या भूकंपानंतर भूजमध्ये कागदी नळ्यांची घरं उभारली, तेच हे. जन्म टोकियोचा, १९५७चा. लहानपणी त्यांच्या घराच्या डागडुजीला सुतार यायचे. हा मुलगा उरलेले तुकडे गोळा करून काहीबाही जोडत बसायचा. मोठेपणी सुतारच व्हायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं.

जपानी प्रभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कागदी सरकते पडदे आणि बांबू येतात. खरं सांगायचं तर ती सजावट झाली. या इमारतीत जपानी आहे तो सांधा, आणि तो झाकून न ठेवण्याची वृत्ती.

सांधा कसा, ते बघा. मध्ये उभा खांब. त्याला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणाऱ्या दोन तुळया. आणि या तिघांच्याही आरपार गेलेली आणखी एक तुळई, लंबगोल छेदाची. लंबगोलच का? गोल दांडा भोकात फिरतो, लंबगोल फिरत नाही. चौकट ताठ राहते ती त्यामुळे. आपल्याकडच्या जुन्या सुतारालाही हे पटलं असतं. खाच आणि कुसू त्याच्या हातातलेच. फक्त इथे पटाशी चालली नाही. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फळ्या थरावर थर चिकटवून जाड तुळया केल्या, जिथे ताण जास्त तिथे बीचचं कठीण लाकूड घातलं, आणि सगळं संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कापलं. हेर्मान ब्लूमर हे लाकडातले मुरलेले स्विस अभियंते बान यांच्या जोडीला होते.

एका बाजूला काचेच्या दोन भिंतींमध्ये जिने आणि बसायच्या जागा आहेत. मला ती सरळ ओसरीच वाटते. जपानी घरात तिला एंगावा म्हणतात. बाहेरच्या काचा सरकवल्या की तिथे मोकळा वारा. हिवाळ्यात बंद केल्या की थंडी आधी तिथेच अडते.

आता तुमच्या मनातला प्रश्न: आग लागली तर? जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं, मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर. तो कोळसाच आतल्या लाकडाला राखतो. तासाभरात चारेक सेंटिमीटर जाणार, म्हणून तेवढी जाडी आधीच वाढवून ठेवायची.

ऑफिसचं ठीक, पण कारखाना? बान यांनी तोही केला. स्वित्झर्लंडमधल्याच बील गावात ओमेगा घड्याळांचा, २०१७ साली, पाच मजली, लाकडी सांगाड्याचा. मधोमध तीन मजले उंचीचं कोठार, सुट्या भागांच्या डब्यांनी भरलेलं. डबे काढायला-ठेवायला यंत्रांचे हात. हवेत एरवी २१ टक्के प्राणवायू असतो. त्या कोठारात तो सुमारे १५ टक्क्यांवर आणून ठेवलाय, आग धरूच नये म्हणून.