फेअर नको, रफच हवं

(संशोधक विद्यार्थी आणि प्रकल्प साहाय्यकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बीएस्सीला तुम्ही सगळ्यांनी जर्नल लिहिलं आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजवीकडे निळ्या शाईत मजकूर, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरच्या जर्नलवरून उतरवलेली रीडिंग. सर सही करताना अक्षर बघायचे आणि उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या आसपास आलंय का ते बघायचे. यातून एक सवय हाडीमाशी खिळली: आधी रफ लिहायचं, मग फेअर करायचं, आणि रफ फेकून द्यायचं. संशोधनाला आल्यावर पहिल्यांदा मोडायची ती हीच सवय. इथे ज्याला तुम्ही रफ म्हणता तोच मूळ दस्तऐवज असतो. फेअर म्हणजे प्रबंध आणि शोधनिबंध, ते नंतर होतातच.

लॅब नोटबुकवर, म्हणजे प्रयोगांच्या वहीवर, तासभर बोलायचं म्हटलं की थोडी कुजबुज होते. मुलाखत, सीव्ही, नेटवर्किंग यांवर बोला, असं सुचवलं जातं. तेही महत्त्वाचं आहे. पण मुलाखतीत तुम्ही जे सांगणार, त्याचा पुरावा वहीत असतो. शोधनिबंध पाठवला की परीक्षकांचे शेरे यायला कित्येक महिने जातात. तेव्हा कोणीतरी विचारतं, आकृती ३ मधल्या जेलचं (डीएनए किंवा प्रथिनांचे पट्टे दाखवणाऱ्या थराचं) न कापलेलं मूळ चित्र द्या, किंवा हा प्रयोग किती वेळा स्वतंत्रपणे केला ते सांगा. तोवर तुम्ही दुसऱ्याच कामात असता. तेव्हाची स्मरणशक्ती गृहीत धरून आज लिहू नका.

दोन जुनी प्रकरणं सांगण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतला यान हेंड्रिक शोन हा पदार्थवैज्ञानिक तिशीच्या सुरुवातीलाच जगप्रसिद्ध झाला होता. त्याच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत हुबेहूब तोच नॉइज (मोजमापातले आपोआप येणारे बारीक चढउतार) दिसला, तेव्हा चौकशी बसली. सप्टेंबर २००२ च्या अहवालात समितीने २४ आरोपांपैकी किमान १६ ठिकाणी गैरप्रकार झाल्याचं म्हटलं. समितीने मूळ नोंदी मागितल्या तर नीट ठेवलेली वहीच नव्हती, आणि मूळ फायली संगणकावर जागा नव्हती म्हणून पुसल्या, असं उत्तर मिळालं. हा माणूस प्रामाणिक असता तरी वही नसल्यामुळे स्वतःचा बचाव करू शकला नसता, एवढं लक्षात ठेवा. दुसरं उदाहरण गॉर्डन गूल्डचं. नोव्हेंबर १९५७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करताना त्याने लेझरची कल्पना वहीत लिहिली आणि पानांवर नोटरीची सही घेतली. पण आधी चालतं यंत्र बनवावं लागतं या गैरसमजातून त्याने पेटंटचा अर्ज १९५९ पर्यंत लांबवला. त्यानंतर वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि पहिलं महत्त्वाचं पेटंट १९७७ ला हातात पडलं. दाव्याला आधार त्या वहीचा होता. नुकसान झालं ते उशिरा अर्ज केल्यामुळे.

आता प्रत्यक्ष काम. वही बांधीव घ्या, स्पायरल किंवा सुटे कागद नकोत. पहिली तीन-चार पानं अनुक्रमणिकेसाठी सोडा, बाकी सगळ्या पानांवर पहिल्याच दिवशी क्रमांक टाका. बॉलपेनने लिहा, कारण जेल पेनची शाई पाण्याच्या किंवा अल्कोहोलच्या एका थेंबाने पसरू शकते. चूक झाली तर एकच आडवी रेघ, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर वहीच्या जवळपासही नको. कोरी राहिलेली जागा तिरकी रेघ मारून बंद करा. एवढं पुरे, याबाबतीत लोक उगाच कर्मकांड करतात.

खरी अडचण पानावर काय लिहायचं इथे आहे. समजा, लायगेशन करून (डीएनएचे तुकडे जोडून) बॅक्टेरियात प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, घातलं (याला ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात) आणि प्लेटवर काहीच उगवलं नाही. बहुतेक वह्यांत याची नोंद अशी दिसते: ‘ट्रान्सफॉर्मेशन नेहमीच्या प्रोटोकॉलने केलं. जमलं नाही.’ या दोन वाक्यांतून सहा महिन्यांनी कोणालाही काहीही कळत नाही. ‘नेहमीच्या’ हा शब्द वहीतून हद्दपारच करा. तुमचं नेहमीचं आणि तुमच्या शेजारच्या बेंचचं नेहमीचं वेगळं असतं, आणि तुमचंही दर वर्षी बदलतं.

त्याच प्रयोगाची कामाची नोंद अशी. सगळ्यात वर तारीख आणि एका ओळीत कारण: ‘पान ४३ वरच्या लायगेशनमध्ये इन्सर्ट गेला का बघणे.’ (इन्सर्ट म्हणजे प्लाझ्मिडमध्ये जोडायचा तुकडा.) मग साहित्य: डीएच५ अल्फा या बॅक्टेरियाच्या कॉम्पिटंट, म्हणजे डीएनए आत घेऊ शकणाऱ्या, पेशी, कोणी आणि कधी बनवलेल्या, ५० मायक्रोलिटर, लायगेशन मिश्रण ५ मायक्रोलिटर. मग कृती: बर्फात ३० मिनिटं, ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा बर्फात २ मिनिटं, माध्यम घालून ३७ अंशांवर एक तास, अँपिसिलिन (प्लाझ्मिड न घेतलेल्या पेशींना मारणारं प्रतिजैविक) १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली असलेल्या प्लेटवर १०० मायक्रोलिटर पसरलं. त्याखाली जे ठरलं होतं त्यापेक्षा वेगळं काय झालं ते: ‘वॉटर बाथ ४२ वर लावला होता, थर्मामीटरवर ४०.५ दिसलं.’ मग कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या प्लेट. ओळखीचं, न कापलेलं प्लाझ्मिड घातलेल्या प्लेटवर २१० वसाहती, डीएनए न घातलेल्या प्लेटवर शून्य, आपल्या प्लेटवर शून्य. आता हेच अपयश बोलू लागतं. पेशी ठीक आहेत आणि अँपिसिलिनही काम करतंय, म्हणजे दोष लायगेशनमध्ये शोधायचा. ओळखीचं प्लाझ्मिडही उगवलं नसतं तर आधी पेशींकडे बघावं लागलं असतं. आणि डीएनए नसलेल्या प्लेटवर गालिचा उगवला असता तर बहुधा प्लेटचं अगार फार गरम असताना अँपिसिलिन ओतलं गेलं आणि ते निकामी झालं. अगार साधारण ५० अंशांपर्यंत थंड झाल्यावरच अँपिसिलिन घालायचं असतं. शेवटी दोन ओळी: काय समजलं, उद्या काय करणार. या दोन ओळी त्याच संध्याकाळी लिहायच्या. दुसऱ्या दिवशी लिहिल्या तर त्यात आठवण कमी आणि अंदाज जास्त असतो.

द्रावणांच्या नोंदीत तर भलेभले फसतात. वहीत लिहिलेलं असतं, ‘एक मोलर ट्रिस, पीएच ८’. (ट्रिस म्हणजे द्रावणाचा पीएच स्थिर ठेवणारं रसायन.) ट्रिस बेस घेतलं असेल तर लिटरला १२१.१ ग्रॅम लागतं, ट्रिस हायड्रोक्लोराइड घेतलं तर १५७.६. कोणतं घेतलं ते लिहा. शिवाय ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, अंशाला साधारण ०.०३ ने. २५ अंशांवर ८.० ला आणलेलं द्रावण कोल्ड रूममध्ये ४ अंशांवर ८.६ च्या आसपास जातं. त्यात आम्ल घालताना द्रावण तापतं, आणि घाईत गरम असतानाच पीएच लावला की थंड झाल्यावर आकडा वर जातो. म्हणून पीएचपुढे तापमान लिहिल्याशिवाय ती नोंद अर्धवट. मॅग्नेशियम क्लोराइडची गोष्ट आणखी गंमतीची. सहा पाण्यांच्या रेणूंसह त्याचा रेणुभार २०३.३, पाण्याविना ९५.२. बाटलीत पहिलं आहे आणि हिशेब दुसऱ्याने केला, तर तुमचं ०.१ मोलर द्रावण प्रत्यक्षात ०.०४७ मोलर होतं आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) का चालत नाही म्हणून महिनाभर तिचे प्रायमर (सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलत बसता. त्यातून हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये उघडी बाटली आठवड्याभरात चिकट होते आणि मग वजनाला अर्थ उरत नाही. बाटली उघडल्याबरोबर सगळ्याचं एक मोलर द्रावण करून ठेवणं हा सोपा उपाय. बाटलीवर उघडल्याची तारीख आणि वहीत लॉट नंबर हवाच.

सेंट्रिफ्यूजचं आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, एवढंच लिहून थांबू नका. ओढ (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, म्हणजे ‘जी’) रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, त्रिज्येवरही अवलंबून असते: १.११८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. १०,००० आरपीएमला ६ सेंटिमीटरच्या रोटरमध्ये सुमारे ६,७०० जी मिळतात, १० सेंटिमीटरच्या रोटरमध्ये सुमारे ११,२००. दुसऱ्या संस्थेत गेल्यावर ‘माझा प्रोटोकॉल इथे चालत नाही’ अशी तक्रार होते, तेव्हा आधी हे तपासावं. वीज गेली असेल तर तेही लिहा: किती वाजता गेली, कधी आली, जनरेटर आपोआप लागला की नाही, डीप फ्रीझरचं तापमान कुठपर्यंत चढलं. याची लाज वाटायचं कारण नाही.

वहीत चिकटवलेल्या गोष्टींबद्दल एक सूचना. जेल डॉक्युमेंटेशनचे आणि वजनकाट्याचे प्रिंट बहुतेक थर्मल कागदावर येतात, आणि ते काही वर्षांत पांढरे पडतात. त्यांची झेरॉक्स चिकटवा. नळ्यांवर मार्करने लिहिलेलं ७० टक्के इथेनॉलने पुसताना निघून जातं. नळीवर ‘कंट्रोल’ लिहिण्याऐवजी वही, पान आणि नळी यांचा क्रमांक लिहा: ३-४७-५. मग नळी कोणाच्याही हातात पडो, तिचा जन्मदाखला सापडतो.

फायलींनाही हाच क्रमांक द्या आणि पुढे तारीख जोडा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. आपण ०५-०३ म्हणजे ५ मार्च समजतो, पण यंत्रांचं सॉफ्टवेअर बरेचदा अमेरिकन पद्धतीचं असतं आणि त्याला ती ३ मे वाटते. मूळ फाइल फक्त वाचता येईल अशी कुलूपबंद करा आणि काम तिच्या प्रतीवर करा. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. यंत्राच्या संगणकात सगळ्यांचे पेन ड्राइव्ह फिरत असतात, म्हणून डेटा तिथेच ठेवून निर्धास्त राहू नका. एक्सेलवर तर डोळे झाकून विश्वास नकोच. सेप्ट२ नावाचं जनुक टाकलं की ते त्याची २ सप्टेंबर करतं, मार्च१ ची १ मार्च. २००४ मध्येच याचा इशारा छापून आला होता. २०१६ च्या पाहणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली: सेप्टिन२, मार्चएफ१. हे आपोआप बदलणं बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ ला. यादी उघडताना तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्या.

भाषेचा प्रश्न नेहमी विचारला जातो. वही इंग्रजीत ठेवा, कारण पुढे ती वाचणारी व्यक्ती चेन्नईची किंवा गुवाहाटीची असू शकते. पण निरीक्षण मराठीत सुचलं, ‘साका (तळाशी बसलेला गाळ) पिवळसर, चिकट, दह्यासारखा’, तर ते आधी तसंच उतरवा आणि खाली इंग्रजी द्या. शब्द शोधता शोधता निरीक्षण हातचं जाऊ देण्यात शहाणपणा नाही.

आता नोकरीकडे. औषध कंपनीत, मग ती गोव्यातल्या वेर्ण्याची असो की ठाणे-बेलापूर पट्ट्यातली, क्वालिटीच्या मुलाखतीत ‘अल्कोआ’ (नोंदींच्या पाच निकषांची इंग्रजी आद्याक्षरं) हमखास विचारतात: नोंद कोणी केली ते कळावं, ती वाचता यावी, काम करतानाच केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. अमेरिकी औषध नियामक एफडीएची डेटा इंटेग्रिटीवरची (नोंदींच्या विश्वासार्हतेवरची) मार्गदर्शिका डिसेंबर २०१८ ची आहे, ती वाचून जा. तिथे चिठ्ठीवर वजन लिहून नंतर रजिस्टरमध्ये उतरवणं, म्हणजे आपलं लाडकं रफ-फेअर, हाच दोष धरला जातो. तपासनीस कचऱ्याच्या पिशव्याही उघडतात. पेटंटचा विचार असेल तर एकच क्रम पक्का ठेवा: आधी अर्ज, मग पोस्टर, निबंध, प्रबंध. परिषदेतल्या पोस्टरनेही नवेपणा जाऊ शकतो, आणि कायद्यातल्या सवलती फार अरुंद आहेत. भारतातलं जैविक साहित्य वापरलं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियमही संस्थेच्या पेटंट कक्षाकडून आधीच समजून घ्या. लेखकांच्या नावांवरून वाद होतात, तेव्हा कोणी काय केलं हे पान क्रमांकासह दाखवता आलं की आवाज चढवावा लागत नाही. लेखकांनी कोणतं काम केलं ते नोंदवायच्या ‘क्रेडिट’ पद्धतीत योगदानाच्या १४ भूमिका दिलेल्या आहेत. निबंध लिहायला घेतानाच तो तक्ता गाइडसमोर भरून घ्या. स्वीकृतीनंतर हा विषय काढला की कोणालाच बरं वाटत नाही.

लॅब सोडताना वही सहसा संस्थेची असते, ती तिथेच राहते. परवानगीने प्रत घ्या आणि परवानगी ईमेलवर घ्या. फ्रीझरमधल्या प्रत्येक डब्याचा नकाशा छापा, एक प्रत डब्यात आणि एक वहीच्या मागच्या कव्हरला. जिवाणूंचे आणि पेशींचे महत्त्वाचे साठे दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा, आणि त्यातली एकेक नळी जाण्याआधी उगवून बघा. शेवटच्या दोन आठवड्यांत तुमचा मुख्य प्रयोग नवीन विद्यार्थ्याला फक्त वही देऊन करायला सांगा. तुम्ही बाजूला बसा, बोलू नका. तो जिथे जिथे अडून तुमच्याकडे बघेल, तिथे तिथे वहीत त्या दिवसाच्या तारखेची नवी नोंद घालून ती जागा भरा.