लांब धागा, आखूड धागा

नमस्कार श्रोतेहो.

ऐकता ऐकता हात मोकळे असतील तर एखाद्या जुन्या सुती फडक्याच्या कडेचा एक दोरा ओढून काढा आणि त्याचा पीळ उलटा फिरवून सोडवा. शेवटी चिमटीत केसाहून बारीक तंतू उरतील, इंचभर लांब, कधी त्याहूनही कमी. तो एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकेक पेशी. एवढ्याशा पेशींना पीळ देऊन माणसानं लंगोटीपासून जहाजाच्या शिडापर्यंत सगळं विणलं. लोकर, ताग, अंबाडी यांचीही मोठी कहाणी आहे, पण आज मी एकाच मापाबद्दल बोलणार आहे. तंतूची लांबी. कापसाच्या बाजारात नुसतं 'धागा' म्हणतात. अमक्या वाणाचा धागा किती, लांब की आखूड, यावर भाव ठरतो. आपण अंगावर काय घालतो हे गेल्या दोनशे वर्षांत या एका मापानं जितकं ठरवलं तितकं आवडीनिवडीनं ठरवलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचा मूळ कापूस आखूड धाग्याचा. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला कापडाचा तुकडा मिळाला. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. तो कशाचा आहे हे कुठे तपासलं, ठाऊक आहे? मुंबईत, माटुंग्याला. तिथे १९२४ मध्ये कापसाची तंत्र प्रयोगशाळा सुरू झाली होती. तिथल्या टर्नर आणि गुलाटी या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतू पाहिले आणि हा कापूसच, असं १९२८ च्या टिपणात नोंदवलं. ज्या प्रयोगशाळेचं रोजचं काम गिरण्यांसाठी धाग्याची लांबी मोजणं, तिनं सिंधूकाठचा कापूस ओळखावा, हे मला फार आवडतं.

आखूड धाग्यात कमीपणा काहीच नव्हता. ढाक्याची मलमल घ्या. जगानं वाखाणलेलं ते तलम कापड फुटी कार्पास नावाच्या देशी कापसापासून होई आणि त्याचा धागाही आखूडच होता. सूत कातणाऱ्या बायका नदीकाठी, पहाटेच्या दमट हवेत बसत, कारण कोरड्या हवेत इतका बारीक तंतू तुटतो. बोटांना तंतू कुठे कमी पडतोय ते कळतं. तिथे ती थबकतात, थोडा कापूस सोडतात, पीळ कमी-जास्त करतात.

यंत्राला हे जमत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रुळांच्या जोड्यांमधून पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची लांब वळी, ताणून सूत काढायची युक्ती आली. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगानं फिरते, त्यामुळे कापूस ताणला जाऊन बारीक होतो. आता गोम अशी, की दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीला जुळावं लागतं. तंतू त्याहून फार आखूड असेल तर मागच्या रुळातून सुटतो, पुढच्याच्या हाती लागत नाही, मध्येच तरंगत राहतो. सूत कुठे जाड, कुठे बारीक होतं आणि तटातट तुटतं. लँकेशर या इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या मुलखातली यंत्रं अमेरिकी कापसावर बेतलेली होती, आणि त्याचा धागा आपल्या देशी कापसापेक्षा लांब होता. देशी कापूस आहे तसाच राहिला, पण यंत्राच्या मापात बसेना म्हणून तो हलका ठरला.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशरला आपला कापूस घ्यावा लागला. पश्चिम भारतातून जाणाऱ्या या सगळ्या मालाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. गिरणीतले कामगार त्यावर वैतागले होते. सूत सारखं तुटे, कचरा फार, आणि कामाच्या नगावर पगार असल्यानं हातात कमी पैसे पडत. 'देवा, कापूस दे, पण सुरतेचा नको' अशी प्रार्थना तिथे झाल्याची गोष्ट सांगतात. मुंबईत मात्र पैशाचा पूर आला, सट्टा माजला आणि १८६५ ला युद्ध थांबताच सगळं कोसळलं. हा भाग बहुतेकांनी ऐकलेला आहे, तो सोडून देतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. सरकारला आता लांब धाग्याचा ध्यास लागला. धारवाडकडे अमेरिकी बियाणं त्याआधीच, १८४० च्या दशकात आलं होतं. हिंगणघाटच्या कापसाचं नाव त्यातल्या त्यात चांगला म्हणून झालं. पण वऱ्हाड-खानदेशचा बहुतेक कापूस आखूडच राहिला. मुंबईच्या गिरण्यांनी त्यातूनही वाट काढली. जाडंभरडं सूत काढायचं आणि चीनला पाठवायचं. तिथले हातमागवाले ते आनंदानं घेत.

आता धाग्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. रेशीम. एका कोशातून निघणारा तंतू शेकडो मीटर, चांगला असेल तर किलोमीटरभर अखंड असतो. तो कातावा लागत नाही, नुसता उलगडायचा. माणसाला याचा मोह पडला नसता तरच नवल. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६६५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की किड्याला जमतं ते चिकट रसापासून आपल्यालाही जमायला हवं. जमायला सव्वादोनशे वर्षं लागली. शार्दोने या फ्रेंच गृहस्थानं १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात कृत्रिम रेशीम मांडलं, पण ते भसकन पेट घेई. १८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा इंग्रजांनी लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडनं विरघळवून व्हिस्कोसची रीत काढली. बारीक भोकांच्या चकतीतून रस दाबून बाहेर काढायचा, सोऱ्यातून शेव पाडतात तसा, आणि आम्लात घट्ट करायचा. हाच रेयॉन. कल्याणजवळ शहाडला आणि मोहोन्याला त्याचे मोठे कारखाने उभे राहिले.

रेयॉनला कृत्रिम म्हणावं की नैसर्गिक? कापूसही सेल्युलोज आणि रेयॉनही सेल्युलोजच. दोरा पेटवून पाहिलात तर दोन्ही कागदासारखे जळतात. रेशीम-लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. नायलॉन-पॉलिएस्टर मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा करायचीच असेल तर दोरा चिमट्यात धरा, आणि मुलांना लांब ठेवा.

नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या वॉलेस कॅरोथर्सनं बनवलं. आधी त्याचे दातांच्या ब्रशचे केस झाले, मग १९४० च्या मे महिन्यात बायकांचे पायमोजे देशभर दुकानांत आले, आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर तेच नायलॉन पॅराशूटकडे वळलं. कॅरोथर्सला यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. १९३७ मध्येच त्यानं आयुष्य संपवलं. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी काढला, आणि तोही कुठे, तर लँकेशरमध्येच.

इथे मला सगळ्यात मजेची वाटणारी गोष्ट येते. अखंड धाग्यासाठी इतकी शतकं धडपड केली, तो हाती आला, आणि मग माणसानं त्याचे तुकडे केले! कारण जगभरच्या सूतगिरण्या कापसाच्या लांबीवर बेतलेल्या. कापसात पॉलिएस्टर मिसळायचं तर तेही त्याच मापाचं हवं. म्हणून कारखान्यात पॉलिएस्टर अडतीस मिलीमीटरवर कापतात, गाठी बांधतात आणि कापसासारखंच गिरणीला पाठवतात. सत्तरच्या दशकात ज्यांनी हौसेनं टेरिकॉटचा शर्ट शिवला, घडी न मोडणारा, धुतला की तासाभरात वाळणारा, त्यांनी बहुधा सदुसष्ट टक्के पॉलिएस्टर आणि तेहतीस टक्के कापूस अंगावर घातला होता. मे महिन्यात तो कसा वाटे, ते विचारायला नको.

न कापलेला अखंड धागा वेगळ्या वाटेनं गेला. त्याला सूतगिरणीची गरजच नाही. रसायनाच्या कारखान्यातून निघाला की थोड्या प्रक्रियेनंतर थेट मागावर. सुरतेच्या साड्या अशाच विणल्या जातात, भिवंडीचे कितीतरी माग त्यावरच चालतात. मुंबईच्या गिरण्या का बुडाल्या याची चर्चा १९८२ च्या संपाशी येऊन थांबते, पण कातण्याची गरजच नसलेलं कापड बाजारात येऊन बसलं होतं, हे त्यात क्वचितच कुणी बोलतं. आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे.

आणि आपला देशी कापूस? फाळणीत लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध आणि पश्चिम पंजाब पलीकडे गेला, गिरण्या जवळजवळ सगळ्या इकडे राहिल्या. लांब धागा आयात करायची वेळ आली. मग १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ हा वाण दिला, व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस. मागोमाग वरलक्ष्मी आला, आपल्याकडे नांदेड-४४ गाजला. २००२ मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेलं बियाणं, आलं तेही अमेरिकी जातीच्या संकरित वाणांत. धागा लांब झाला, उत्पन्न वाढलं, पण बियाणं दरवर्षी विकत घेणं आलं, फवारणीचा खर्च आला. कमी पाण्यात तग धरणारा, रस शोषणाऱ्या किडींना सहज न नमणारा देशी कापूस शेतातून जवळपास गेला. ज्याला गिरणी नाक मुरडते त्याच आखूड, जाड तंतूला दवाखान्यातल्या कापसासाठी मात्र मागणी आहे, कारण तो पाणी चांगलं शोषतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठात देशी जातीतच धागा लांब करण्याचं काम झालेलं आहे. परभणी तुराब, विनायक हे त्यातले वाण. सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण असल्यानं शेतकऱ्याला घरचं बी राखता येतं. माझ्या मते कोरडवाहू शेतकऱ्यानं निदान काही ओळी लावून पाहाव्यात असे हे वाण आहेत. अडचण पिकापेक्षा जिनिंगची, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करण्याच्या कामाची आहे. तिथे हा कापूस इतर मालात मिसळला, की गाठीत त्याची वेगळी ओळख राहत नाही आणि वेगळा भावही मिळत नाही. त्यामुळे पेरायच्या आधीच चार-दहा शेतकऱ्यांनी मिळून जिनवाल्याशी बोलून घ्यावं, वेगळी गाठ बांधणार का ते विचारावं.

नमस्कार.